मंगळवार पेठेतील घरच्या संगणकासाठी डेस्कटॉपची निवड: दोन महिन्यांच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

आमच्या कोल्हापुरातील मंगळवार पेठेतील घरात २०१३ साली जुळवून घेतलेला संगणक आहे. पेंटियम जी २०२० प्रोसेसर, एच ६१ चिपसेटचा मदरबोर्ड, दोन-दोन जीबीच्या दोन पट्ट्या मिळून ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क आणि १३६६ बाय ७६८ चा मॉनिटर असा त्याचा संच आहे. त्यावर विंडोज १० चालते आणि परवा, १४ ऑक्टोबरला, विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपतो. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, आणि हे दोन्ही आमच्याकडे नाही. सुरक्षा सुधारणांची एक वर्षाची वाढीव मुदत घेता येते, परंतु तिने प्रश्न पुढच्या ऑक्टोबरपर्यंतच लांबतो. म्हणून विंडोजऐवजी ऑगस्टमध्ये आलेले डेबियन १३ (लिनक्सवर चालणारी मोफत कार्यप्रणाली) बसवायचे ठरवले.

डेबियन ठरवायला एक संध्याकाळ पुरली. डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या, पट्टी आणि मेनू दाखवणारा भाग, कोणता, हे मात्र अजून ठरलेले नाही. डेबियन बसवताना ग्नोम, एक्सएफसीई, केडीई प्लाझ्मा, सिनॅमन, माटे, एलएक्सडीई, एलएक्सक्यूटी अशी यादी समोर येते आणि निवड आपल्यावर सोडलेली असते. माझ्यासारखा जुना संगणक आणि घरात तीन पिढ्या असलेल्या कोणाला तरी उपयोग होईल, या हेतूने या नोंदी ठेवत आहे.

संगणक वापरणारे चौघे आहेत. आण्णा (माझे वडील, वय ७३, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली) दुधाचा आणि उसाच्या बिलांचा हिशेब स्प्रेडशीटमध्ये ठेवतात. पत्नी घरगुती चटण्यांचा व्यवसाय करते. तिची लेबले, पावत्या आणि बँकेचे व्यवहार यावरच होतात. मुलगी सातवीत आहे. चौथा मी, दिवसा उद्यमनगरमधील एका कारखान्यात ड्रॉइंगच्या कामावर असतो आणि रात्रीच यावर बसतो.

आज एवढेच केले की मदरबोर्डवरील सीआर २०३२ सेल बदलला (४० रुपये). तो संपल्याने वीज गेली की घड्याळ मागे जात होते, आणि तारीख चुकीची असली की ब्राउझर बँकेचे संकेतस्थळ उघडण्यास नकार देतो. संगणक म्हातारा झाला अशी समजूत घरात याच कारणाने झाली होती.

१९ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीच्या गडबडीत फाइलींची प्रत काढली आणि डेबियन बसवले. यादीत पहिला आणि आपोआप निवडला जाणारा पर्याय ग्नोमचा असल्याने तोच ठेवला. बसवण्यास फिरत्या डिस्कवर एक तास वीस मिनिटे लागली. जुने विंडोजचे विभाजन पुसले नाही, फक्त आकाराने लहान केले; ते पुसले असते तर पुढे मोठी अडचण आली असती, ती ७ डिसेंबरच्या नोंदीत आहे.

२६ ऑक्टोबर, रविवार

ग्नोमचा आठवडा चांगला गेला नाही.

ग्नोममध्ये खिडकीच्या कोपऱ्यात मूळ मांडणीत फक्त बंद करण्याची फुली असते. खिडकी बारीक करण्याचे बटण नसते आणि खाली उघड्या खिडक्यांची पट्टीही नसते. मला हे वाचून माहीत होते आणि दोन दिवसांत सवय होईल असे मी गृहीत धरले. आण्णांनी गेली बारा वर्षे हिशेब बाजूला ठेवायचा म्हणजे खिडकी बारीक करायची, एवढे एकच तंत्र वापरले आहे. बारीक करण्याचे बटण नाही म्हणून ते फुली दाबत, आणि बदल जतन करायचे का या प्रश्नावर त्यांनी मंगळवारी ‘जतन करू नका’ निवडले. ऑक्टोबरच्या वीस दिवसांचा दुधाचा हिशेब गेला. वहीवरून पुन्हा भरायला त्यांना सव्वा तास लागला. ते काही बोलले नाहीत, फक्त “ते खाली बसायचं बटण कुठं गेलं रं?” एवढे विचारले. त्यांना आधी दाखवून, शेजारी बसून मगच संगणक त्यांच्या हाती द्यायला हवा होता, ही चूक सर्वस्वी माझी.

ट्वीक्स नावाच्या साधनाने बटणे परत आणता येतात, ती आणली. खालची पट्टी आणण्यासाठी जोडपत्र (एक्स्टेन्शन) मिळते, तेही बसवले. जोडपत्रांची अडचण अशी की प्रत्येक जोडपत्रात ते ग्नोमच्या कोणत्या आवृत्तीवर चालते हे लिहिलेले असते, आणि आवृत्ती बदलली की ते बंद पडू शकते. ज्या पट्टीवर आण्णांचे सगळे काम अवलंबून आहे ती अशा धाग्यावर टांगून ठेवणे मला पटले नाही. या सजावटीत दोन रात्री गेल्या.

दुसरी तक्रार मंदपणाची. लॉगिन केल्यावर १.३ जीबी स्मृती (रॅम) भरलेली दिसते. त्यावर फायरफॉक्समध्ये बँक, एखादा व्हिडिओ आणि स्प्रेडशीट उघडली की डिस्क करकर करत राहते आणि माउसचा बाण अडखळतो. मी वहीत ‘ग्नोम जड आहे, बाद’ असे लिहून ठेवले.

२ नोव्हेंबर, रविवार

वहीतील ते वाक्य आज खोडले.

राजारामपुरीतून २४० जीबीची एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क (१,७५० रुपये), केबल (८० रुपये) आणि चार-चार जीबीच्या दोन जुन्या डीडीआर ३ पट्ट्या (१,१०० रुपये) आणल्या. पहिल्या खेपेला दिलेल्या पट्ट्या डीडीआर ४ च्या निघाल्या. त्यांची खाच वेगळ्या ठिकाणी असते, त्यामुळे त्या बसत नाहीत. बदलून मिळाल्या, पण एक फेरी वाढली. दुकानातच पट्टीवरील अक्षरे वाचून घ्यावीत.

एसएसडीवर पुन्हा नव्याने डेबियन आणि ग्नोमच बसवले, जेणेकरून तुलना समान राहील. बटण दाबल्यापासून वापरता येण्याजोगा डेस्कटॉप येईपर्यंत पूर्वी २ मिनिटे १० सेकंद लागत, आता ३४ सेकंद लागतात. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) डिस्क जुन्या आयडीई पद्धतीवर लावलेली होती, ती नव्या एएचसीआय पद्धतीवर आणली. एच ६१ वर साटाचा (डिस्क जोडण्याच्या मार्गाचा) वेग ३ गिगाबिटपर्यंतच असल्याने एसएसडीच्या खोक्यावर छापलेला वेग मिळत नाही, निम्म्याच्या आसपास मिळतो. परंतु फिरत्या डिस्कला विखुरलेल्या फाइली शोधायला जो वेळ लागत असे तोच मुळी उरला नाही, आणि घरच्या कामात फरक पडतो तो यानेच.

म्हणजे ग्नोम जड होते म्हणून संगणक अडखळत नव्हता, डिस्क अडखळत होती. कोणताही डेस्कटॉप बदलण्याआधी ही खरेदी करायला हवी होती. ग्नोम आता सुरळीत चालते. तरीही आण्णांच्या बटणांचा प्रश्न तसाच आहे, म्हणून शोध पुढे चालू ठेवतो.

५ नोव्हेंबर, बुधवार

त्रिपुरारी पौर्णिमा. पहाटे पंचगंगा घाटावरचा दीपोत्सव पाहून आलो आणि सुट्टी असल्याने दिवसभर संगणकावर बसलो. तो दिवस वाया गेला.

वेळ वाचवण्यासाठी ग्नोमच्या जोडीला प्लाझ्मा, एक्सएफसीई आणि एलएक्सक्यूटी हे तिन्ही एकाच खात्यावर बसवले. लॉगिनच्या पडद्यावर हवा तो डेस्कटॉप निवडता येतो हे खरे आहे. परंतु सगळे डेस्कटॉप एकाच घरातील सेटिंगच्या फाइलींना हात लावतात. प्लाझ्मात एकदा जाऊन आल्यावर एक्सएफसीईमधील खिडक्यांचे रंग आणि माउसचा बाण बदललेला होता, मेनूत फाइली पाहण्याची तीन आणि मजकूर लिहिण्याची चार साधने दिसत होती, आणि पीडीएफ दर वेळी वेगळ्याच साधनात उघडत होती. यातील काय कोणत्या डेस्कटॉपचे, हे मलाच कळेना. काढून टाकल्यावरही अवशेष राहिले.

संध्याकाळी सगळे पुसून तिसऱ्यांदा डेबियन बसवले. आता प्रत्येक डेस्कटॉपच्या चाचणीसाठी वेगळे खाते केले आहे आणि एका वेळी एकच डेस्कटॉप बसवायचा असा नियम केला आहे. ज्यांना तुलना करायची आहे त्यांनी निदान वेगळ्या खात्यांचा नियम तरी पाळावा.

९ नोव्हेंबर, रविवार

आय थ्री हा विंडो मॅनेजर बसवला. हा पूर्ण डेस्कटॉप नव्हे. तो खिडक्या एकमेकींवर न ठेवता पडदा वाटून शेजारी-शेजारी लावतो आणि जवळजवळ सगळे काम कीबोर्डवरून होते. लॉगिननंतर स्मृती ३८० एमबी. मला तो मनापासून आवडला. ड्रॉइंग एका बाजूला, मोजमापांची यादी दुसऱ्या बाजूला, आणि माउसला हात न लावता एकीकडून दुसरीकडे जाता येते. हे माझ्या कामाला फार सोयीचे आहे.

मात्र डेस्कटॉप आपल्यासाठी न सांगता काय-काय करतो हे या आठवड्यात कळले. नेटवर्कचे चिन्ह दिसत नव्हते, कारण ते सुरू करणारे कोणी नव्हते. आवाज कमी-जास्त करण्याच्या कळा चालत नव्हत्या. पेन ड्राइव्ह लावला तर काहीच घडत नसे, कारण तो आपोआप जोडणारे साधन आणि परवानगीसाठी पासवर्ड विचारणारे साधन ही दोन्ही वेगळी सुरू करावी लागतात. सूचना दाखवणे, पडदा बंद करणे, कुलूप लावणे, भिंतीचे चित्र, या प्रत्येकासाठी एकेक ओळ सेटिंगच्या फाइलीत लिहिली. फाइल १४० ओळींची झाली आणि चार रात्रींत मिळून अकरा तास गेले. वाटेत माझी शिकवणी झाली, त्यामुळे ते तास मी पूर्ण वाया गेले असे मानत नाही, परंतु घरासाठी ते वाया गेले.

१६ नोव्हेंबर, रविवार

आय थ्रीच्या आठवड्यात कोणाचीही तक्रार आली नाही आणि मी समाधानात होतो. शुक्रवारी दुपारी कारखान्यात पत्नीचा फोन आला: “अहो, पेन ड्राइव्ह लावलाय, पडद्यावर काहीच नाही, आणि मला चार वाजेपर्यंत लेबलं हवीत.” फोनवरून कळा सांगण्याचा प्रयत्न केला, जमले नाही. तिने लेबले लक्ष्मीपुरीतील एका दुकानातून छापून आणली.

रात्री विचारल्यावर समजले की आण्णा आठवडाभर संगणकावर बसलेच नव्हते आणि हिशेब वहीत लिहीत होते. मुलगी एकटीच त्यावर रुळली होती. तिने एका संध्याकाळी कळा पाठ केल्या. तक्रारी नव्हत्या कारण वापरच नव्हता.

त्यामुळे मोजण्याची पद्धत आज बदलली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज दोन गोष्टी लिहायच्या: कोण-कोण संगणकावर बसले, आणि मला किती वेळा हाक मारावी लागली. स्मृतीचे आकडे वहीत चालू ठेवतो, पण ८ जीबी रॅम असताना ३८० एमबी आणि १.३ जीबी यांतील फरकाने आमच्या घरातील एकही काम अडत नाही, हे आता मान्य करायला हवे.

२३ नोव्हेंबर, रविवार

प्लाझ्मा ६.३ चा आठवडा. तिघेही बसले, हाका अकरा. दिसायला विंडोजच्या सर्वांत जवळचा आणि माझ्या मते सर्वांत देखणा डेस्कटॉप हाच. खाली पट्टी, डावीकडे मेनू, बारीक करण्याचे बटण, सगळे जागच्या जागी. आण्णांनी पहिल्याच दिवशी हिशेब उघडला आणि मला हाक मारली नाही. लॉगिननंतर स्मृती १.२ जीबी, म्हणजे ‘प्लाझ्मा जड असतो’ ही जुनी समजूतही या संगणकावर खरी ठरली नाही.

अकरा हाकांपैकी सहा एकाच कारणाच्या होत्या. बाण पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात गेला की सगळ्या खिडक्या लहान होऊन एकत्र दिसतात, अशी मूळ मांडणी आहे. आण्णा फाइल मेनूकडे जाताना हात जरा जास्त सरकवतात आणि नेमके तिथेच पोहोचतात. हे सेटिंगमध्ये बंद करता येते. तिसऱ्या दिवशी ते सापडले आणि बंद केले. तीन हाका वाय-फायच्या. पासवर्ड न विचारता लॉगिन होईल असे मी ठेवले होते, पण मग वाय-फायचा पासवर्ड ज्या तिजोरीत असतो ती उघडण्यासाठी दर वेळी पासवर्डची चौकट येते. आपोआप लॉगिन बंद केल्यावर हे थांबले.

उरलेल्या दोन हाका मला अधिक गंभीर वाटल्या. पट्टीवर उजवी कळ चुकून दाबली जाऊन पट्टी संपादनाच्या स्थितीत गेली, आणि एकदा घड्याळ व एकदा मेनूचे बटण नाहीसे झाले. प्लाझ्मात जवळजवळ प्रत्येक गोष्ट बदलता येते, आणि मला हेच आवडते. परंतु ज्यांना काहीच बदलायचे नाही त्यांच्या हाताखाली इतकी मोकळीक असणे धोक्याचे ठरते. घरात मी एकटाच वापरणारा असतो तर शोध इथे थांबवला असता.

२६ नोव्हेंबर, बुधवार

एलएक्सक्यूटी एका संध्याकाळपुरता पाहिला. हलका आणि नीटनेटका आहे. अक्षरे मोठी करताना काही खिडक्यांत ती मोठी झाली, काहींत नाही, आणि ते जुळवण्यात वेळ घालवण्यापूर्वी एक्सएफसीई पाहावा असे ठरवले.

३० नोव्हेंबर, रविवार

एक्सएफसीई ४.२०. तिघेही बसले, हाका सहा. यात वेलँडचा (पडद्यावर खिडक्या उमटवणाऱ्या नव्या यंत्रणेचा) आधार अजून प्रायोगिक आहे, म्हणून जुन्या एक्स ११ यंत्रणेवरच चालवतो. लॉगिननंतर स्मृती ७५० एमबी. मूळ मांडणीतील वरची पट्टी खाली नेली, खालची काढून टाकली, खिडक्यांच्या बटणांवर नावे दिसतील असे केले, आणि शेवटी पट्टीला कुलूप लावले. हे कुलूप पट्टीच्या सेटिंगमध्येच मिळते आणि ते लावले की पट्टी ओढता येत नाही. एकूण पाऊण तास लागला.

आण्णांसाठी अक्षरे मोठी करताना चुकलो. फाँटच्या सेटिंगमध्ये ९६ ऐवजी १२० डीपीआय (हा आकडा वाढला की अक्षरे मोठी होतात) ठेवले. अक्षरे छान मोठी झाली, परंतु ७६८ ओळींच्या पडद्यावर छपाईची चौकट मावेना आणि तिचे ‘छापा’ हे बटण पडद्याच्या खाली गेले. पत्नीला वाटले छपाईच बिघडली. अशा वेळी ऑल्ट दाबून डाव्या कळीने खिडकी कुठूनही धरून वर सरकवता येते. हे तिला दाखवले, पण रोजच्या कामात असा उपाय चालणार नाही. आता १०८ ठेवले आहे. चौकट मावते आणि आण्णांना चष्म्याने वाचता येते.

खिडकीची कडा इतकी बारीक होती की आण्णांना ती माउसने पकडता येत नव्हती. खिडक्यांच्या सजावटींच्या यादीत ‘डिफॉल्ट-एचडीपीआय’ नावाची सजावट आहे. ती निवडल्यावर फुली आणि बारीक करण्याचे बटण दोन्ही ठळक झाले. याचा फायदा अक्षरे मोठी करण्यापेक्षाही जास्त झाला.

व्हिडिओ पाहताना चित्र आडवे फाटल्यासारखे दिसत होते. खिडक्यांच्या व्यवस्थापकाच्या प्रगत सेटिंगमध्ये पडद्याशी ताळमेळ राखण्याची पद्धत ‘ऑटो’ वरून ‘जीएलएक्स’ केली आणि लॉगआउट करून आल्यावर ते थांबले.

३ डिसेंबर, बुधवार

मराठी टंकलेखनाने दोन रात्री घेतल्या. ही नोंद सविस्तर लिहितो, कारण आमच्याकडे शोधाचा कस इथेच लागला.

पत्नी इनस्क्रिप्टने (भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कळमांडणीने) लिहिते, मुलगी फोनेटिकने (इंग्रजी अक्षरांच्या कळांवर उच्चाराप्रमाणे). इनस्क्रिप्ट दोन मार्गांनी मिळते: एक्सएफसीईच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये थेट मराठी मांडणी जोडून, किंवा आयबस नावाच्या साधनातून. मुलीला हवे असलेले फोनेटिक आयबसमध्ये एम १७ एन च्या संचातून मिळते. मी पत्नीसाठी पहिला आणि मुलीसाठी दुसरा असे दोन्ही मार्ग एकाच वेळी लावले. परिणाम असा की पट्टीवर ‘मराठी’ दिसत असताना अक्षरे इंग्रजी उमटत, आणि लॉगिन केल्यावर काही सेकंदांनी पत्नीची मांडणी आपोआप नाहीशी होई. आयबस सुरू होताना मूळ कीबोर्डची मांडणी स्वतःच्या यादीप्रमाणे बदलतो, हे कारण दुसऱ्या रात्री सापडले.

उपाय साधा होता. एक्सएफसीईमध्ये फक्त इंग्रजी मांडणी ठेवली आणि मराठीचे दोन्ही प्रकार आयबसवर सोपवले. आयबसमध्ये ‘सिस्टीमचा कीबोर्ड वापरा’ असा पर्याय आहे. ज्यांना आयबस ठेवूनही एक्सएफसीईची मांडणी वापरायची आहे त्यांनी तो निवडावा. दोन्ही यंत्रणांना एकाच कामाची मालकी देऊ नये.

अक्षरांच्या वळणाची गोष्ट यापेक्षा सूक्ष्म आहे. पत्नीने ‘कांदा-लसूण चटणी’ आणि ‘शेंगदाणा चटणी’ लिहिले आणि म्हणाली, “हा ल आपला नाही.” तिचे बरोबर होते, ल आणि श हिंदी वळणाचे उमटत होते. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच मराठीची रूपे मान्य केलेली आहेत. मी फाँट बदलून पाहण्यात एक तास घालवला. खरे तर नोटो सॅन्स देवनागरी या फाँटमध्ये दोन्ही वळणे असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे सांगितले तरच मराठी वळण बाहेर येते. लिबरऑफिसने (ज्यात लेबले लिहितो त्या साधनाने) मजकुराची भाषा हिंदी धरली होती. भाषेच्या सेटिंगमध्ये पाश्चात्त्य आणि जटिल (देवनागरीसारखी) लिपी यांचे रकाने वेगळे असतात; जटिल लिपीची भाषा मराठी केल्यावर त्याच फाँटमध्ये ल आणि श आपले झाले. लेबलावर हीच दोन अक्षरे सर्वांत मोठी छापली जातात, त्यामुळे हा तास गेल्याचे वाईट वाटत नाही.

त्यानंतर पूर्ण संगणकाचीच भाषा मराठी (भारत) केली. मेनूतील काही शब्द मराठीत आले, काही इंग्रजीतच राहिले, आण्णांना चालते. पुढच्या लॉगिनला फोल्डरांची नावे नव्या भाषेत बदलायची का, असे विचारले गेले. ‘जुनीच नावे ठेवा’ निवडले, कारण फाइलींची प्रत काढण्याची आज्ञा त्या नावांवर अवलंबून आहे.

७ डिसेंबर, रविवार

लेबलांचा दिवस. ए४ कागदावर चोवीस लेबलांचा चिकटकागद येतो, एक कागद १४ रुपयांना. पहिले तीन कागद वाया गेले: प्रत्येक ओळ खाली-खाली सरकत होती. मी रेघा आणि समास मोजत बसलो होतो. दोष कागदाच्या आकारात होता. सुरुवातीला संगणकाची भाषा अमेरिकी इंग्रजी ठेवली होती, आणि तिच्यासोबत कागदाचा मूळ आकार ‘लेटर’ येतो. बुधवारी भाषा बदलली तरी आधी जोडलेल्या प्रिंटरच्या सेटिंगमध्ये आणि जुन्या फाइलीत ‘लेटर’ तसाच राहिला होता. दोन्हीकडे ए४ केल्यावर चौथा कागद बरोबर छापला गेला.

दुसरी अडचण जुन्या लेबलांची. ती युनिकोडपूर्व फाँटमध्ये केलेली होती, त्यामुळे उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची सरमिसळ दिसली. प्रत काढताना मी फाइली घेतल्या, फाँट घेतला नव्हता. जुनी डिस्क कॅबिनेटमध्ये तशीच असल्याने विंडोजच्या फोल्डरातून फाँट मिळाला आणि त्यावरून मूळ मजकूर वाचता आला. तो फाँट कायम वापरण्याऐवजी नऊही लेबले पत्नीने युनिकोडमध्ये पुन्हा लिहून घेतली. अडीच तास लागले. आता घटकांची यादी मोबाइलवरून ग्राहकाला पाठवली तरी ती तशीच दिसते.

१० डिसेंबर, बुधवार

दुपारी वीज गेली आणि आली. फाइली शाबूत. लॉगिननंतर मात्र आठ खिडक्या एकदम उघडल्या, कारण लॉगआउटच्या चौकटीत ‘सत्र जतन करा’ वर कोणीतरी खूण केली होती. सत्राच्या सेटिंगमधून जतन केलेली सत्रे पुसली आणि ती खूण काढली.

१४ डिसेंबर, रविवार

एक्सएफसीईचा तिसरा आठवडा. तिघेही रोज बसतात. या आठवड्यात हाका दोन, आणि त्यांतील एक प्रिंटरमधील कागद संपल्याची होती. निवड पक्की केली. चाचणीची खाती पुसली, प्रत्येकाचे स्वतंत्र खाते केले, आणि माझ्या खात्यावर लॉगिनच्या पडद्यावरून आय थ्री निवडून ठेवला. लॉगिनचा पडदा प्रत्येकाची शेवटची निवड लक्षात ठेवतो, त्यामुळे आण्णांना त्याची झळ लागत नाही.

खर्च: एसएसडी १,७५०, रॅम १,१००, केबल ८०, सेल ४० आणि वाया गेलेले चिकटकागद ४२, मिळून ३,०१२ रुपये. वेळेचा हिशेब वहीवरून लावला तर एकूण सुमारे ५५ तास होतात. त्यांतील अकरा आय थ्रीच्या फाइलीत, जवळजवळ दहा एकाच खात्यावर सगळे बसवल्याच्या गोंधळात आणि सहा ग्नोमच्या सजावटीत गेले. एक्सएफसीई बसवून वर लिहिलेल्या सुधारणा करण्यास आज मला चार तास पुरतील.

जुनी डिस्क कॅबिनेटमध्येच दुसरी डिस्क म्हणून ठेवली आहे. दर रविवारी रात्री हिशेब, लेबले आणि फोटो यांची प्रत तिच्यावर जाते. प्रत खरोखर उघडते का, हे आज आण्णांच्या फाइलीवर तपासले. ऑक्टोबरचे ते वीस दिवस त्यात आहेत.

एक काम उरले आहे. मुलीने सह्याद्रीवरच्या निबंधात फोनेटिकने ‘दर्या’ लिहिले होते. तिला ‘दऱ्या’ हवे होते. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि जे दाबून ऱ, मग डी, मग य, असे पत्नीने तिला दाखवले. आता रोज जेवणानंतर पंधरा मिनिटे ती आईजवळ बसून इनस्क्रिप्ट शिकते आहे. तिला ते पूर्ण जमले की आयबसच्या यादीतून फोनेटिक काढून टाकेन.